गंधाचे ऋण

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एका घरात किती वास एकत्र नांदत असतात, याचा हिशेब कोणी ठेवीत नाही. अभ्यंगाच्या उटण्याचा मागे रेंगाळलेला वास, चकल्यांच्या तळणाचा, नव्या कापडाचा, पणतीतल्या तेलाचा, अंगणातून येणारा फटाक्यांच्या दारूचा. आणि या सगळ्यांवर पांघरूण घालावे तसा देवघरातून निघालेला धुपाचा. आमच्या अमरावतीच्या घरी पितळेचे एक जुने धुपाटणे आहे. ते आजीच्या माहेरून आलेले. तेल गेले, तूप गेले आणि हाती धुपाटणे आले ही म्हण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणत आमच्या घरातल्या तीन पिढ्या हसल्या आहेत. पण वस्तुतः तेलतुपासारख्या टिकाऊ म्हटल्या जाणाऱ्या गोष्टी खरोखरच गेल्या, आणि धुपाटणे तेवढे राहिले. दर दिवाळीला त्यात गोवरीचा निखारा पडतो, निखाऱ्यावर चिमूटभर धूप पडतो, आणि घर भरून जाते.

आपण म्हणतो, “काय छान वास येतो!” आणि लगेच पुढे वाकून तो वास ‘घेतो’. वास येतो आणि माणूस तो घेतो, अशी आपल्या भाषेने वाटणी केली आहे. येणे त्याच्याकडे, घेणे आपल्याकडे. इतकी वर्षे हे शब्द मी वापरीत आलो. त्यात विचार करण्यासारखे काही असेल असे कधी वाटले नाही. ते वाटू लागले ते धारणीच्या बाजारात केलेल्या एका घासाघिशीमुळे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी मेळघाटात धारणीला गेलो होतो. आठवडी बाजाराचा दिवस होता. बाजाराच्या एका कडेला, गर्दीपासून थोडा दूर, एक म्हातारा कोरकू गृहस्थ पळसाच्या पानांवर पिवळट, मेणासारख्या खड्यांचे लहान लहान वाटे मांडून बसला होता. तो सालईचा डिंक होता. उन्हाळ्यात काढून वाळवलेला. मी एक खडा नाकाशी नेला आणि आजीचे देवघर डोळ्यांपुढे उभे राहिले. त्याने एका वाट्याचे चाळीस रुपये सांगितले. मी वीस म्हणालो. बाजारात असे म्हणायचे असते, या पलीकडे त्यात काही नव्हते. शेवटी पंचवीसवर सौदा तुटला. त्यावर मी आणखी म्हणालो, “बाबा, वाटा जरा मोठा तरी करा.” तो हसला नाही, रागावलाही नाही. एवढेच म्हणाला, “झाड देते तेवढंच आनतो जी. जास्त सोललं तं मरते ना थे.”

पंधरा रुपये वाचवल्याचे समाधान घेऊन मी परतलो. त्या वाक्याचा अर्थ मात्र पुढल्या फाल्गुनात कळला.

सालईचे झाड आपल्या वऱ्हाडाला नवे नाही. गाविलगडच्या डोंगररांगांत, जिथे माती थोडी आणि दगड फार, अशा उतारांवर ते उभे असते. पाने पाहिली तर निंबाची आठवण व्हावी. उन्हाळा लागला की पाने गळतात, आणि कागदासारखे पापुद्रे सुटणारी, राखी-हिरवट सालीची ती झाडे उघडी उभी राहतात. संस्कृतात तिला शल्लकी म्हणतात. हत्तीला आवडते म्हणून गजभक्ष्या असेही एक नाव आहे. अरबस्तानातून आणि आफ्रिकेच्या शिंगाकडून ज्या झाडांचा सुगंधी चीक हजारो वर्षे मिसर, रोम, जेरुसलेमच्या देवळांत गेला, त्याच कुळातली ही आपली सालई. चिखलदऱ्याच्या बाजूला एका जाणत्या मित्राने मला असे एक झाड दाखवले. खोडावर हातभर उंचीवर सालीची पातळ चकती तासलेली होती. त्या जागी दुधाळ चीक पाझरून थेंबाथेंबाने घट्ट होत होता. मित्र म्हणाला, चकती पातळ आणि लहान असली तर झाड ती भरून काढते. हावरेपणाने खोल आणि सगळीकडून तासली तर ते सुकत जाते. मी वाकून वास घेतला. तोच वास. आमच्या देवघरातला.

तोवर हा वास झाडाचा गुण आहे, फुलाला असावा तसा, अशी माझी समजूत होती. तो गुण आहे, हे खरे. पण फुलाचा वास उधळण्यासाठी असतो, आणि हा चीक जखम बांधण्यासाठी असतो. कीड शिरू नये, बुरशी धरू नये म्हणून झाडाने स्वतःसाठी तयार केलेले ते मलम आहे. आपण आधी जखम करतो, मग मलम काढून आणतो, आणि ते निखाऱ्यावर टाकून म्हणतो, प्रसन्न वाटले.

हे कळल्यावर धुपाटण्याकडे मला पूर्वीसारखे पाहता येईना. एक साधा प्रश्न मनाला टोचू लागला. दुसऱ्याच्या जखमेतून निघालेल्या वस्तूचा आनंद माणसाने घ्यावा का. आणि घ्यायचाच, तर तो कसा घ्यावा?

हा प्रश्न घेऊन मी जपानपर्यंत जाऊन आलो. पायांनी नव्हे, पुस्तकांतून. जपानात गंधाची एक स्वतंत्र विद्या आहे, हे ऐकून होतो. चहाची आणि फुलांच्या रचनेची असते तशीच तीही एक वाट. तिला ते ‘कोदो’, म्हणजे गंधमार्ग, म्हणतात. तिचे मूळ द्रव्य आहे अगर. आपल्या आसामातही अगराची झाडे आहेत. आणि या अगराची गोष्ट सालईहूनही विलक्षण आहे. निरोगी अगराच्या लाकडाला म्हणण्यासारखा वासच नसतो. झाडाला इजा होते, तीतून बुरशी शिरते, तिच्याशी झगडताना झाड आपल्या गाभ्यात काळपट राळ साठवीत जाते. या झगड्याला वर्षानुवर्षे लागतात. त्या राळेने लाकूड इतके जड होते की ते पाण्यात बुडते. म्हणूनच त्याचे जपानी नाव ‘जिंको’, म्हणजे बुडणारा सुगंध. चंदनासारखे अंगभूत वैभव त्याच्यापाशी नाही. जे आहे ते दुखण्यातून आलेले आहे.

जपानी इतिवृत्तात अशी नोंद आहे की इ. स. ५९५ साली, सम्राज्ञी सुइकोच्या काळात, अवाजी बेटाच्या किनाऱ्याला एक मोठे लाकूड वाहत आले. बेटावरच्या लोकांना ते काय आहे हे ठाऊक नव्हते. त्यांनी ते सरपणाबरोबर चुलीत घातले. धूर दूरवर पसरला आणि त्याच्या सुगंधाने लोक चकित झाले. तेव्हा त्यांनी ते लाकूड दरबारात नेऊन दिले. मला या गोष्टीतला सरपणाचा भाग फार आवडतो. मौल्यवान वस्तूची पहिली ओळख तिला चुलीत घालूनच होते, हा अनुभव आपल्यालाही नवा नाही. पुढे बौद्ध धर्माबरोबर धूप देवळांत गेला, देवळांतून सरदारांच्या घरी आला, आणि पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात सान्जोनिशी सानेताका आणि शिनो सोशिन यांच्या भोवती या विद्येची रीत बांधली गेली. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दोन परंपरा आजही आहेत.

ती रीत अशी. हातात मावेल एवढ्या चिनी मातीच्या पेल्यात बारीक राख भरतात. राखेच्या पोटात कोळशाचा पेटता तुकडा पुरतात, आणि त्याच्यावर राखेचा नीटस डोंगर रचून शेंड्याला एक भोक पाडतात. भोकावर अभ्रकाची पातळ चकती. आणि चकतीवर अगराची कपची, तांदळाच्या दाण्याएवढी, बऱ्याचदा त्याहूनही लहान. निखारा आणि लाकूड यांची गाठ पडत नाही. लाकूड जळत नाही, नुसते ऊब घेते. धूर नाही. पेला डाव्या तळव्यावर धरायचा, उजव्या हाताची ओंजळ वर झाकायची, तीन श्वास घ्यायचे, उच्छ्वास बाजूला सोडायचा, आणि पेला शेजारच्याकडे द्यायचा. पाहुण्यांनी त्या दिवशी अत्तर लावून यायचे नसते. बोलायचेही फारसे नसते.

आणि या सगळ्याला जपानी भाषेत वास घेणे म्हणत नाहीत. गंध ‘ऐकणे’ म्हणतात. त्यासाठीचे ‘किकु’ हे क्रियापद ऐकण्याचे आहे, आणि त्याचाच दुसरा अर्थ विचारणे, पुसणे असा होतो. त्या शब्दापाशी मी बराच वेळ थांबलो. घेणे म्हटले की वस्तू आपली होते. ऐकणे म्हटले की समोरचा बोलणारा राहतो आणि आपण गप्प बसतो.

त्यांनी यातून खेळही केला आहे. पाच प्रकारच्या लाकडांच्या प्रत्येकी पाच अशा पंचवीस पुड्या एकत्र मिसळतात. त्यांतून पाच उचलतात आणि एकामागून एक ऐकवतात. कोणते गंध सारखे, कोणते निराळे, हे ज्याने त्याने पाच उभ्या रेघा काढून आणि सारख्यांच्या माथी आडवी रेघ जोडून दाखवायचे. अशा जोडण्या होतात बरोबर ५२. आणि त्यांना नावे दिली आहेत अकराव्या शतकाच्या आरंभी मुरासाकी शिकिबू या बाईने लिहिलेल्या ‘गेंजी’च्या कथेतल्या प्रकरणांची. प्रकरणे ५४, म्हणून पहिले आणि शेवटचे सोडले. आमच्याकडे दिवाळीत पत्त्यांचे डाव पडतात, त्यांच्याकडे असा डाव पडतो. फरक एवढाच की यात जिंकायला गप्प राहावे लागते.

नारा शहरातल्या तोदाइजी मंदिराच्या शोसोइन या प्राचीन भांडारात अगराचा एक ओंडका आहे. लांबी सुमारे दीड मीटर, वजन ११.६ किलो. त्याचे नाव ‘रान्जाताय’. त्या नावाच्या चिन्हांत ‘तोदाइजी’ हे शब्द लपवले आहेत. शतकानुशतके जपलेल्या या लाकडाचे तुकडे काढून घेण्याचा मान थोड्यांनाच मिळाला. १५७४ साली ओदा नोबुनागा या पराक्रमी सरदाराने त्याचे दोन लहान तुकडे कापून घेतले, १८७७ साली सम्राट मेइजीने एक. ते कुठून कापले, हे सांगणाऱ्या चिठ्ठ्या ओंडक्यावर लावून ठेवल्या आहेत. घेणाऱ्याचे नाव घेतलेल्या जागेवर लिहून ठेवायची ही पद्धत मला फार बोलकी वाटते. आपण ज्यांच्याकडून घेतले त्यांच्या अंगावर आपल्या नावाच्या अशा चिठ्ठ्या लागल्या, तर आपल्यापैकी कोणाला रस्त्याने मान वर करून चालता येईल?

हे सगळे वाचून मी भारावलो होतो, यात शंका नाही. पण दुरून डोंगर साजरे हे वऱ्हाडी माणसाला सांगावे लागत नाही. जपानात अगराची झाडे नाहीत. तिथे अवाजी किनाऱ्याला वाहून आले ते लाकूड दुसऱ्यांच्या रानातले, आणि पुढची सगळी शतके तेच होत आले: व्हिएतनाम, कंबोडिया, इंडोनेशिया. कोणत्या झाडाच्या पोटात राळ आहे हे बाहेरून सहज कळत नाही; म्हणून एक सापडेपर्यंत तोडणाऱ्याने किती रिकामी झाडे आडवी केली असतील याची गणती नाही. जंगली अगर इतका विरळ झाला की २००४ साली अगराच्या सगळ्या जातींचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आणावा लागला. लागवडीतल्या झाडांना आता मुद्दाम भोके पाडून, खिळे ठोकून जखमी करतात, म्हणजे सुगंध लवकर यावा. क्योतोच्या शांत खोलीत तांदळाएवढी कपची ऐकणाऱ्याच्या कानांवर कुऱ्हाडीचा आवाज पडतो का? आणि तो संयम तरी सगळा संयमच असतो, की महाग वस्तूची काटकसर? जपानी माणसाची ही परीक्षा मी घेऊ लागलो, आणि मला धारणीचा बाजार आठवला. परीक्षा घेण्याचा अधिकार माझ्याकडे नव्हता. मी तर पंधरा रुपयेही दिले नव्हते.

आता कोणी म्हणेल, एवढा विचार कशाला? धूपच जाळू नये म्हणजे झाले. हे म्हणणे टाकाऊ नाही. आमच्याच जिल्ह्यात, शेंडगावला, १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले आणि १९५६ साली अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी आमच्या गावात आहे. देवळापुढच्या रांगोळीपेक्षा गावामागचा उकिरडा त्यांना आधी दिसे. दिवसभर झाडून गाव स्वच्छ करायचे आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहायचे, असा त्यांचा क्रम होता. दुर्गंध झाकण्यासाठी सुगंध जाळणाऱ्या माणसाला त्यांच्या खराट्यापुढे उत्तर नाही. ज्या घरात मोलकरणीला आंघोळीपुरते पाणी मिळत नाही आणि दिवाणखान्यात मात्र उदबत्त्यांचा पुडा जळतो, त्या घरातला तो वास माझ्या मते खोटे बोलतो.

पण झाडलेल्या घरातला धूप खोटे बोलत नाही, असेही मला वाटते. माणसाला पोट भरण्याच्या पलीकडे काहीतरी हवे असते. ज्याची साठवण होत नाही, ज्याला कुलूप लावता येत नाही, जे जळते तेव्हाच असते आणि शेजाऱ्याच्या खिडकीतही विनापरवानगी जाते, असे काहीतरी. ते नाकारणारा संसार कोरडा होतो. शिवाय झाड वाचवायचे तर धूप बंद करून भागत नाही. आमच्या मेळघाटाला लागून, खंडव्याच्या वाटेवर, नेपानगर आहे. देशात वर्तमानपत्राचा कागद करणारा पहिला कारखाना तिथे उभा राहिला आणि १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्राला अर्पण झाला. त्या कागदासाठी बांबूबरोबर कोणते लाकूड लागत असे? सालईचे. म्हणजे देवघरात धूप न जाळणाऱ्या सुधारकाच्या हाती सकाळी जे वर्तमानपत्र पडत असे, तेही कदाचित सालईच असेल. जखमेतून सुटका नाही. आपण खातो, वाचतो, नेसतो, ऊब घेतो, ते सगळे कोणाच्या तरी अंगावरून आलेले असते. आमच्या काळ्या मातीतल्या कापसाला हे आणखी वेगळे काय सांगावे!

सुटका नाही म्हटल्यावर उरते ती मर्यादा. आणि मर्यादा कोणी ठरवायची, हा त्यातला खरा कळीचा मुद्दा. घेणाऱ्याने ठरवली तर ती त्याच्या हावेएवढी होते. झाडाला बोलता येत नाही. पण झाडाशेजारी राहणाऱ्याला येते. अचलपूर तालुक्यात, मेळघाटाच्या पायथ्याशी, पायविहीर म्हणून एक लहान गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २०१२ साली त्या गावाला आपल्या जवळच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. ओसाड झालेला तो डोंगर गावकऱ्यांनी स्वतःवर नियम घालून घेऊन पुन्हा हिरवा केला. आणि तिथली सीताफळे मुंबईच्या बाजारापर्यंत गेली. जंगल आपले आहे असे कळल्यावर ते ओरबाडायचे नसते, हे त्यांना कोणी जाऊन शिकवले नाही. धारणीच्या बाजारातला तो म्हातारा हेच तर मला सांगत होता. क्योतोचा गुरू जे चिनी मातीच्या पेल्यातून शिकवतो, ते तो पळसाच्या पानावर मांडून बसला होता, आणि मी त्याच्याशी भाव करीत होतो.

म्हणून ‘किकु’ या शब्दाचा दुसरा अर्थ मला आता पहिल्याहून महत्त्वाचा वाटतो. गंध ऐकणे म्हणजे डोळे मिटून नुसते तल्लीन होणे नव्हे. तल्लीन होणे सोपे आहे, आणि ते फार सभ्य दिसते. ऐकणे म्हणजे विचारणेही आहे: हा कुठून आला? कोणी काढला? किती खोल तासले? चाळीस रुपये म्हणणाऱ्याने चाळीसच का म्हटले? तो दिवस, ती चढण, ती उन्हाळ्याची दुपार, आणि वाटा लहान ठेवण्यासाठी न सोललेली साल, हे सगळे त्या चाळीसात होते. न काढलेल्या डिंकाचीही किंमत असते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. त्याला माहीत होते.

यंदा मी पुन्हा धारणीला गेलो. तो म्हातारा दिसला नाही. त्याची जागा कोणती हेही मला नीट आठवेना, आणि त्याचे नाव तर मी विचारलेच नव्हते. दुसऱ्या टोकाला एक बाई डिंक घेऊन बसली होती. तिने साठ रुपये सांगितले, मी साठ दिले. मनात म्हटले, चला, थोडे तरी ऋण फिटले. तेवढ्यात तिने पुडी बांधता बांधता आणखी एक खडा उचलून आत टाकला. मी नको, नको म्हणालो. ती म्हणाली, “राहू द्या जी, दिवाळी हाय.”

आता त्या खड्याचे मी काय करू? भाव करून घेतले ते बोचत होते. न मागता मिळाले ते त्याहून जड झाले आहे. ऋण फेडायला निघालेल्या माणसाला वाटेत नवे ऋण मिळते, आणि बहुधा असेच व्हायचे असते.

लक्ष्मीपूजनाला मी निखाऱ्यावर राखेचा जाड थर पसरला आणि त्याच्यावर त्या खड्यातला हरभऱ्याच्या डाळीएवढा तुकडा ठेवला. धूर जवळजवळ झालाच नाही. नात म्हणाली, “आबा, एवढासाच?” मी म्हणालो, “एवढासाच. जरा गप्प बस, म्हणजे येईल.” ती गप्प बसली. बाहेर फटाके वाजत होते. थोड्या वेळाने तिने माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली. मग तिने विचारले, “हे कुठून आणलं?”

मी तिला झाडापासून सांगायला सुरुवात केली.